बंग, अभय

बंग, अभय : (२३ सप्टेंबर १९५०). भारतीय वैद्यक व लोक-आरोग्य संशोधक. बालकांचा न्यूमोनिया आणि नवजात बाळांचा जंतुदोष यांवर रुग्णालयापासून दूर, गावातच उपचार करून बालमृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात मोजून दाखवले. जन्म वर्धा येथे. वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे अभ्यासक व सर्वोदयी कार्यकर्ते. बालपण सेवाग्रामच्या वातावरणात गेले. नागपूर विद्यापीठातून एम.बी.बी.एस. व एम.डी. झाल्यावर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. तेथून परतून १९८६ मध्ये, पत्नी व स्त्रीरोगतज्ज्ञ राणी बंग यांच्यासह, त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. संस्थेच्या वसाहतीला शोधग्राम म्हणतात. पुढील सर्व काम राणी बंग आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांसह झालेले आहे. ते एकट्याच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल.

न्यूमोनिया : गावात ज्याला ‘डबा’ म्हणतात, तो आजार ओळखायला स्टेथोस्कोप किंवा क्ष-किरण लागतातच असे नाही. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, हे मोजले तरी बहुतांशी कळते. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत, तिने मोजायचे कसे? यावर ‘सर्च’ने मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटभराची वाळू खाली येण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालील बाळासाठी मर्यादा ६० श्वासांची, मोठ्या मुलासाठी ५० ची. निरक्षर दाईच्या हाती निदान देणारे हे साधन या साऱ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. निदानानंतर दाई किंवा आरोग्यसेवक कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देत. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७·५ होते, तर उपचाराच्या गावांत ८·१.

नवजात बाळ : न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. प्रसूती घरीच होत आणि आजारी बाळाला घेऊन सहसा कोणी दवाखान्यात जात नसे. १९९५-९६ मध्ये गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी केली, तेव्हा ५४·४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज दिसली. ती मिळाली होती २·६ टक्क्यांना. बाळ दवाखान्यापर्यंत येत नसेल, तर दवाखान्याने बाळापर्यंत जावे, असा सरळ मार्ग बंग यांनी घेतला. ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या प्रसूतीच्या वेळी दाईसोबत हजर राहत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, वजन घेत, ऊब आणि स्तनपान सांभाळत, पुढे महिनाभर घरभेटी देत. बाळाने दूध ओढणे कमी केले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागले किंवा नाळ पिकली, अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसली तर जंतुदोष समजावा, हा सोपा निकषही याच अभ्यासांतून पुढे निघाला.

वाद झाला तो इंजेक्शनवरून. जंतुदोष झालेल्या नवजात बाळाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचण्याचे काम गावातल्या बाईवर सोपवणे अनेकांना धोक्याचे वाटे. आकड्यांनी उत्तर दिले : जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदर सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५·५ झाला. हे निष्कर्ष ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले.

धोरण : सरकारी नोंदींत न आलेले बालमृत्यू किती, याचा शोध ‘कोवळी पानगळ’ (२००१) या अहवालात घेतला गेला. मेलेले बाळ आधी नोंदवहीत तरी यायला हवे, ही त्यामागची साधी मागणी होती. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये ‘घरच्या घरी नवजात बालसेवा’ देशभर लागू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवसाची भेट धरून सात वेळा. गडचिरोलीतल्या आरोग्यदूतांच्या हातातले इंजेक्शन मात्र आशांकडे दिलेले नाही. जंतुदोषावरच्या परिणामाचा मोठा वाटा त्याच सुईत होता, म्हणून ही उणीव लहान मानता येत नाही.

बंग दांपत्याला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे अभय बंग यांचे मराठी वाचकांत सर्वाधिक परिचित पुस्तक.