विमानाचे झाकण आणि आजीचा डोळा

परवा नातू रडवेला होऊन आला. तीन दिवस खपून त्याने 'हॉकर हरिकेन' या लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे मॉडेल जोडले होते. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण त्याने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवले, आणि सकाळी पाहतो तर त्यावर पांढरी साय! "आजी, तुझ्या मोतीबिंदूसारखंच झालंय गं!"

तो सहज बोलून गेला, पण त्या झाकणाचे आणि माझ्या डोळ्याचे नाते खरेच आहे.

आधी झाकणाचे सांगते. या गोंदाची वाफ झाकणावर बसते आणि हवेतल्या ओलाव्याने तिथेच घट्ट होते. प्लास्टिक आतून बिघडलेले नसते. आम्ही झाकण अलगद सोडवले आणि २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासले. आधी ते आणखीच धुरकट झाले. नातवाचा चेहरा पडला. मग मऊ सुती कापडावर टूथपेस्ट घेऊन तासभर हलक्या हाताने चोळत बसलो. हळूहळू आतली खुर्ची दिसू लागली. या वेळी झाकण साध्या फेव्हिकॉलने चिकटवले.

चोळता चोळता गोष्ट सांगितली. गंमत बघा, हा गोंद सापडला तोच पारदर्शक वस्तूच्या शोधात! १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी स्वच्छ प्लास्टिक शोधत होते. हे रसायन लागेल तिथे चिकटायचे, म्हणून बाजूला टाकले गेले. त्याचा हाच गुण १९५१ मध्ये पुन्हा लक्षात आला आणि १९५८ मध्ये ते गोंद म्हणून बाजारात आले.

दुसरी गोष्ट खऱ्या हरिकेनची. त्याचे झाकण पर्स्पेक्स नावाच्या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे असे. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानावर गोळ्या लागल्या, झाकण फुटले आणि त्याचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. पॅराशूटने तो वाचला, पण उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. असे जखमी वैमानिक तपासताना हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदांच्या लक्षात आले की हे कण डोळ्यात निमूटपणे पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही.

त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरत नसे. माझ्या आजीचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा मला आठवतो. असे सांगतात की, रिडलींची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे नाही का बसवणार?" २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी एका बाईच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे भिंग बसवले. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढले. कित्येक वर्षे विरोध झाला. 'सर' हा किताब मिळाला तो थेट २००० साली. पुढच्याच वर्षी ते गेले.

हे सांगताना मीच गप्प झाले. वर्गात कोणी असा भलताच प्रश्न विचारला की मी म्हणायची, "पोर्शन संपवायचा आहे, खाली बस." किती जणांना बसवले असेल कोण जाणे. रिडलींनीही त्या मुलाला गप्प बसवले असते तर? भिंग पुढे कोणीतरी बसवलेच असते म्हणा. पण केव्हा?

इतक्यात नातवाने विचारले, "आजी, तुझं भिंग धुरकट झालं तर त्यालाही टूथपेस्ट लावायची?"

खाली बस म्हटले नाही. सांगितले, की भिंग सहसा धुरकट होत नाही, त्याच्या मागचा पातळ पडदा कधीकधी होतो. मग डॉक्टर लेसरने त्याला मधोमध खिडकी पाडतात. लगेच पुढचा प्रश्न आला, "खिडकी म्हणजे किती मोठी?"

ते मलाही ठाऊक नाही. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर नेणार आहे. तोच विचारेल डॉक्टरांना.