इंजिनाचा स्वर आणि शेजाऱ्याचा कान

नादाचे सुख करणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचे कधीच नसते. ज्याच्या कानी तो पडतो त्याचाही त्यात भाग असतो. आपल्या देवळांत चौघडा झडतो तो ठरल्या वेळी, आणि शेजारतीनंतर सर्वत्र सामसूम होते. या शिस्तीने चौघड्याची गोडी उणावल्याचे कोणी म्हणत नाही. यंत्राच्या नादालाही हाच न्याय कसा लागू पडला, हे अमेरिकेतील जुन्या दांडग्या मोटारींच्या इतिहासावरून चांगले दिसते. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचा आमचा विचार आहे.

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवून केलेल्या मोटारीस अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ सालच्या ‘पाँटिअ‍ॅक जीटीओ’पासून या परंपरेचा आरंभ झाला असे बहुतेक जाणकार मानतात. जनरल मोटर्स कंपनीचा त्या वेळी असा अंतर्गत नियम होता की, मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये. पाँटिअ‍ॅक विभागाने ३८९ घनइंचांचे इंजिन ‘टेम्पेस्ट’ या गाडीचे केवळ ऐच्छिक साहित्य म्हणून देऊ केले आणि नियमाच्या शब्दांतून वाट काढली. हा युक्तिवाद आम्हा वकिलांस नवखा वाटणार नाही! इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. पुढे विम्याचे वाढते हप्ते, धुरावरील निर्बंध आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी या गाड्यांचे युग संपविले. आज त्या गाड्या शौकीन लोक जिवापाड जपून पुन्हा उभ्या करतात. रंग, कातडे, आरसे सर्व यथास्थित जमते. परंतु आवाज पूर्वीसारखा येईपर्यंत त्यांच्या मनाचे समाधान होत नाही.

हा आवाज मुळात येतो कोठून? या गाड्यांच्या इंजिनात आठ सिलिंडर असतात, व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत चार-चार. कॅडिलॅक कंपनीने १९१४ साली असे इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले, तेव्हा त्याच्या क्रँकशाफ्टचे सर्व बाक एकाच पातळीत होते आणि वेगात गाडी थरथरे. १९२३ साली ते बाक परस्परांशी काटकोनात बसविण्यात आले व थरथर गेली. परंतु या उपायाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. स्फोट एकंदरीत समान अंतराने होत राहिले, तरी एकेका रांगेपुरते पाहिले असता ते विषम अंतराने होऊ लागले. १९५५ च्या सुप्रसिद्ध शेव्हरोले इंजिनाचा स्फोटक्रम घेतला तर तो असा पडतो: डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी. पखवाजाच्या दोन मुखांवर पडणाऱ्या हातांची आठवण व्हावी असाच हा क्रम आहे. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत मंद चालत असता सेकंदाला ४० स्फोट होतात, आणि हे आठ ठोक्यांचे आवर्तन सेकंदाला पाच वेळा फिरते. ज्या घरघरीवर लोक लुब्ध असतात ती हीच. गाडीचे हादरे थांबविण्यासाठी केलेल्या दुरुस्तीतून ती जन्मास आली, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता कारागिराचे काम पाहू. दोन रांगांचा धूर दोन स्वतंत्र नळ्यांनी मागे नेला तर प्रत्येक रांगेची विषम लय स्पष्ट ऐकू येते. त्या दोन नळ्यांना मध्ये एक आडवी नळी जोडली की दाब सारखा होऊन आवाज खोल व गोल होतो. त्याच जागी फुलीसारखा सांधा केला तर तो अधिक सलग व चढा होतो. सायलेन्सरचेही दोन पंथ आहेत. एकात कप्पे असतात, त्यांच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी पुढून येणाऱ्या लहरींना काही अंशी मारतात. दुसऱ्यात सरळ सच्छिद्र नळीभोवती काचेचे तंतू भरलेले असतात, ते तीक्ष्ण स्वर शोषून घेतात आणि जाड स्वर तेवढा पुढे जाऊ देतात. शौकीन माणूस नुसता आवाज वाढवितो, तेव्हा विशिष्ट वेगाला गाडीच्या आत असा घुमारा उठतो की शंभर मैलांच्या प्रवासात डोके भणाणते. मग मुख्य नळीला एक बंद तोंडाची आखूड फाटा-नळी मोजून जोडावी लागते. नेमका तोच स्वर ती गिळते. सारांश, या विद्येत आवाज सोडण्यापेक्षा कोणता स्वर अडवावा हे कळणे अधिक मोलाचे आहे.

कायद्याचा संबंध येथेच येतो. मोटारीच्या बाल्यावस्थेत सायलेन्सर वगळून धूर थेट बाहेर सोडणारी एक झडप अनेक गाड्यांना असे. चालकाने कळ दाबली की गाडी गर्जे. अनेक शहरांनी ती झडप वापरण्यास बंदी केली. तरीही मोह गेला नाही. पाँटिअ‍ॅकने १९७० च्या जीटीओमध्ये चालकाच्या हाताशी एक खुंटी दिली. ती ओढली की सायलेन्सरमधील वाट मोकळी होऊन आवाज वाढे. तिची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली मात्र, आणि कंपनीच्या वरिष्ठांनी ती सोय लगोलग बंद केली. कॅलिफोर्नियाच्या वाहनसंहितेत अशा झडपेस स्पष्ट मनाई आहे, आणि हलक्या मोटारींच्या धुराड्याचा आवाज विहित चाचणीत ९५ डेसिबलच्या आत असावा लागतो. आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियमही प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारे साधन असावे असे सांगतो. समुद्र ओलांडला तरी शेजाऱ्याचा कान तोच!

मग ‘योग्य’ आवाज कोणता? कारखान्यातून निघताना या गाड्या आजच्या शौकिनाच्या कल्पनेपेक्षा बऱ्याच सौम्य होत्या. आपण ज्याला मूळ आवाज समजतो तो पुष्कळदा शर्यतीच्या मैदानाने आणि चित्रपटांनी घडविलेला आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर मस्टँग आणि चार्जर या दोन गाड्यांचा सुमारे दहा मिनिटे पाठलाग चालतो. संगीत थांबते आणि इंजिनेच बोलू लागतात. तो आवाज पिढ्यांच्या कानांत बसला.

आवाजाचे मोल इतके वाढले की त्यावर मालकी सांगण्यापर्यंत गोष्ट गेली. हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीने १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० साली तो अर्ज मागे घेण्यात आला. पुढे विजेच्या गाड्या आल्या, त्यांचा आवाजच नाही. ज्या अमेरिकेने गाड्यांना गप्प बसविण्याचे कायदे केले, तिनेच २०११ च्या आरंभी पादचाऱ्यांच्या, विशेषतः अंधांच्या, सुरक्षिततेसाठी मुक्या गाड्यांनी आवाज करावा असा कायदा केला. आणि डॉज कंपनीने २०२२ साली विजेवर चालणारी चार्जर दाखविली, तिला जुन्या गाडीचा भास व्हावा म्हणून १२६ डेसिबलपर्यंतचा कृत्रिम नाद जोडला.

आम्हांस या कृत्रिम गर्जनेत फारसे सुख वाटत नाही. जुन्या घरघरीमागे स्फोट होता, धातू होता, एका जुन्या दुरुस्तीची आठवण होती. नव्या नादामागे फक्त ध्वनिक्षेपक आहे. तथापि जुन्याचे प्रेम म्हणून निजलेल्या आळीतून सायलेन्सर काढून गाडी हाकणाऱ्याचाही कैवार आम्ही घेणार नाही. हा स्वर ज्यांना पुढील पिढीच्या कानांवर घालावयाचा आहे, त्यांनी तो कप्प्यांतून, तंतूंतून आणि मोजक्या नळ्यांतून गाळूनच बाहेर सोडावा. आजाऱ्याची झोप मोडणाऱ्या गाडीवर लोक बंदी मागतात, आणि बंदी आली की गर्जनेबरोबर ती सुंदर घरघरही जाते.