श्वास परत आणणारी औषधे

शस्त्रक्रियेच्या यशाचे श्रेय आपण शल्यविशारदास देतो. परंतु रुग्णास भूल देऊन पुन्हा सुखरूप शुद्धीवर आणणाऱ्या भूलतज्ज्ञाचे कार्यही तितकेच मोलाचे असते. त्या कार्यातील एका प्रकरणाचा हा अल्प इतिहास.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना ‘क्युरारे’ नामक वनस्पतिजन्य विष लावीत. त्याने सावजाचे स्नायू लुळे पडत व श्वास थांबून प्राण जाई. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी तेच द्रव्य भूल दिलेल्या रुग्णास दिले. स्नायू सैल झाल्याने शस्त्रक्रिया सुकर झाली. मात्र ही शिथिलता अंशतः जरी मागे उरली, तरी रुग्णाचा श्वास अपुरा पडतो. बीचर व टॉड यांनी अमेरिकेतील सुमारे सहा लाख नोंदी अभ्यासून १९५४ मध्ये दाखविले, की स्नायुशिथिलके दिलेल्या रुग्णांत भुलीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सहापट होते.

वास्तविक उतारा आधीच ज्ञात होता. १९०० साली व्हिएन्नाच्या जेकब पाल यांना फायसोस्टिग्मिनने क्युरारेचा परिणाम ओसरल्याचे आढळले होते. पुढे त्याच गुणधर्माचे निओस्टिग्मिन प्रचारात आले. मज्जातंतूचा संदेश स्नायूस पोहोचविणाऱ्या ॲसिटिलकोलिनचा नाश ते रोखते. साठलेले ॲसिटिलकोलिन शिथिलकास हटविते. परंतु त्याने हृदयाची गती मंदावते, म्हणून जोडीस ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यावे लागते. शिवाय शिथिलता गाढ असेल, तर त्याची मात्रा चालत नाही.

ही उणीव सुगामाडेक्सने भरून काढली. स्कॉटलंडमधील संशोधनातून निपजलेल्या या औषधास युरोपात २००८ मध्ये, तर अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ते रोक्युरोनियमचा रेणू आपल्या पोकळीत कोंडून निष्प्रभ करते; त्यामुळे गाढ शिथिलताही काही मिनिटांत उतरते. तथापि ॲट्राक्युरियमवर त्याचा उपयोग नाही. तेथे निओस्टिग्मिनच लागते. सुगामाडेक्स महागही आहे आणि क्वचित त्याची तीव्र ॲलर्जी उद्भवते.

म्हणून उताऱ्याची निवड केवळ नव्या-जुन्यावर ठरत नाही. कोणते शिथिलक दिले, शिथिलता किती उरली, रुग्णाचे हृदय व मूत्रपिंडे कशी आहेत, हे पाहावे लागते. उरलेली शिथिलता नुसत्या नजरेने नेमकी कळत नाही. त्यासाठी मज्जातंतूस सौम्य विद्युत्स्पंदने देऊन स्नायूचा प्रतिसाद यंत्राने मोजतात. चार स्पंदनांतील चौथा प्रतिसाद पहिल्याच्या किमान ९० टक्के झाला, की मगच श्वासनलिकेतील नळी काढणे सुरक्षित मानतात. विषाचे औषध झाले ते या मोजमापामुळे आणि या सावधपणामुळे.