भाकरीकडून पोळीकडे : महाराष्ट्रातील धान्यधोरण आणि आहारातील स्थित्यंतर

प्रस्तावना :
राजवटी, लढाया व चळवळी यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते रोजच्या ताटाला मिळाले नाही. वास्तविक सोलापूर, बीड, परभणी या पठारी भागाचा सामाजिक इतिहास ज्वारीच्या भाकरीशी निगडित आहे. ही भाकरी मागे पडून गव्हाची पोळी पुढे आली, तो केवळ आवडीनिवडीतील बदल होता काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाकरी, श्रम आणि प्रतिष्ठा :
ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून हातानेच थापावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. म्हणून पहाटे जात्यावर लागेल तेवढेच दळण होई. हा सारा भार स्त्रियांवर होता. दुसरीकडे, गावगाड्यात भाकरी हे मोबदल्याचेही माप होते. गावकीच्या कामाबद्दल महार समाजाला घरोघर फिरून भाकरी गोळा करावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाड येथे उष्टे तुकडे मागण्याची रीत सोडण्याचे आवाहन केले, ते याच व्यवस्थेविरुद्ध होते. अन्न कोणते, याइतकेच ते कोण व कसे देतो, हे महत्त्वाचे ठरते.

शासन आणि धान्य :
स्वातंत्र्योत्तर काळात हा दाता बदलला. १९५६ च्या पी.एल. ४८० करारान्वये अमेरिकन गहू भारतात येऊ लागला व रेशन दुकानांत पोहोचला. १९७२-७३ च्या दुष्काळात ‘मिलो’ ही लाल ज्वारी आली. ती ज्वारीच्याच कुळातील असली, तरी तिची भाकरी लोकांच्या पसंतीस उतरली नाही. दुष्काळी कामांवर मिळालेली सुकडी आणि मिलो आजही वृद्धांच्या आठवणीत आहेत. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सी.एस.एच. १ या संकरित वाणाने उत्पादन वाढविले. परंतु पावसात सापडलेला खरिपाचा दाणा काळा पडे. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सर ‘हायब्रीड’ला आली नाही. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य किलोला १ रुपया व गहू २ रुपये दराने देण्याची तरतूद केली. प्रत्यक्षात राज्यातील शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळच मिळत राहिले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, भाकरीची पीछेहाट रुचीपेक्षा धान्याच्या उपलब्धतेने व प्रतिष्ठेच्या कल्पनेने घडविली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्याच वर्षी पेरलेल्या पिकांसाठी मालदांडी ज्वारीचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ३२२५ रुपये, तर गव्हाचा २२७५ रुपये होता. गरिबीची खूण मानली गेलेली भाकरी सुखवस्तूंच्या ताटात आरोग्यदायी म्हणून परतत असताना, ती पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या मजुराच्या पिशवीत मात्र गहू पडतो. स्थानिक ज्वारीची खरेदी करून ती रेशनवर देणे हा यावरील एक मार्ग होय. तसेच, दुष्काळी कामांवर खडी फोडलेली पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्या मौखिक साक्षी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वेळीच नोंदविणे आवश्यक आहे. अन्यथा या स्थित्यंतराची केवळ सरकारी बाजू शिल्लक राहील.