कोळसा, कागद आणि भूमिहीन

कोळशाच्या इतिहासात माणूस उशिरा येतो, आधी येतो तो जमिनीचा तुकडा. १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याच्या केंद्रस्थानी खाणीत उतरणारा माणूस होता. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याचा व्यवहार मात्र जमिनीशी. मोबदला जमिनीतल्या हक्काचा. तिच्यावर राबणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा नव्हे.

छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातील परसा खाणीसाठी जमीन घेतली ती ह्याच कायद्याने. शेजारच्या घाटबर्रा गावाला २०१३ साली सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो रद्द झाला. कारण काय, तर गावकरी त्या हक्काच्या आधारे खाणकामाला अडथळा आणतात! हक्क वापरला म्हणून हक्क काढून घेतला. लोक तरीही हटले नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले. २६ जुलै २०२२ रोजी विधानसभेने तिथले कोळसापट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. डिसेंबर २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात पुन्हा झाडे पडली.

हा लढा आदिवासींचा आहे, आणि तो आपलाही आहे. पण आपला एक प्रश्न त्यात मागे राहतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वनवासीयाला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. जंगलपट्ट्यातील दलित ह्याच रकान्यात पडतात. मोजणी २००५ पासून मागे, म्हणजे पुरावा १९३० चा हवा. ज्याला त्या काळी शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याने त्या काळचा कागद आणायचा! नियमांत वृद्धांची साक्ष चालते. कचेरीत कागदच मागतात. मोहाची फुले आणि तेंदूपाने ह्यांवर वर्षाचे काही महिने काढणाऱ्या भूमिहीनाचे जंगल गेले, तर तो कोणत्या यादीत शोधायचा?

पर्यायाचेही तेच. हसदेवचा कोळसा जातो राजस्थानच्या वीजकेंद्रांना, जिथे उन्हाला तोटा नाही. सूर्याची वीज हवीच, ह्यात वाद नाही. परंतु जैसलमेरकडे ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराईची राने, सौरप्रकल्पांपासून वाचवण्यासाठी पशुपालकांना आंदोलन करावे लागले आहे. त्यातल्या पुष्कळ ओरणांची सरकारदप्तरी ओरण म्हणून नोंदच नाही.