कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर? 'परम'पासून लिनक्सपर्यंत एका निर्णयाचा इतिहास

१/ सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की गावोगाव एकच प्रश्न असतो: कोणती टोळी कोणाच्या फडात? निर्णय कारखान्याचे शेती खाते घेते आणि चिटबॉयमार्फत तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. अनेक प्रोसेसर असलेल्या संगणकापुढेही हाच प्रश्न उभा असतो. त्याच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले.

२/ १९८० च्या दशकात अमेरिकेने हवामान अंदाजासाठी भारताला 'क्रे एक्स-एमपी' दिला. त्याहून शक्तिशाली यंत्र मात्र नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला.

३/ एकच बलाढ्य प्रोसेसर मिळण्याचा मार्ग बंद होता, म्हणून अनेक लहान प्रोसेसर जोडण्याचा मार्ग निवडला गेला. 'परम'च्या ६४ नोडच्या रचनेत ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चारच दुवे असत.

४/ ट्रान्सप्युटरसाठी घडवलेल्या 'ऑकॅम' भाषेत कामाचे वाटप थेट लिहिता येई: ही प्रक्रिया शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरवर, ती पहिल्यावर. एका चिपवरील प्रक्रियांना पाळी देण्याचे काम चिप स्वतः करी. पण कोणती प्रक्रिया कोणत्या चिपवर, हे प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच माणूस ठरवी.

५/ या अधिकारासोबत जबाबदारीही येई. सतत संदेश देणाऱ्या दोन प्रक्रिया दूर ठेवल्या, तर प्रत्येक संदेश मधल्या प्रोसेसरांतून वाट काढत जाई. एका प्रोसेसरवर जास्त भार पडला, तर उरलेले त्याची वाट पाहत बसत.

६/ १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आणि सोलारिस ही कार्यप्रणाली आली. आता नोडच्या आतले वाटप कार्यप्रणालीच करू लागली. तरीही सोलारिसने एक दार उघडे ठेवले: 'प्रोसेसर बाइंड' या आज्ञेने प्रक्रिया ठरावीक प्रोसेसरला बांधता येई.

७/ हे दार कशासाठी? प्रोसेसर लागणारी माहिती जवळच्या कॅशमध्ये ठेवतो. प्रक्रिया दुसरीकडे हलली की ही माहिती नव्याने आणावी लागते. टोळीने कोप्या मोडून दुसऱ्या गावी जायचे, तर तेवढा वेळ तोडणी थांबते, तसेच हे.

८/ लिनक्समध्ये ही सोय २००२ मध्ये, २.५.८ या आवृत्तीत आली. तिचे रूप साधे होते: प्रत्येक प्रोसेसरसाठी एक बिट, १ म्हणजे परवानगी, ० म्हणजे मनाई. पण ही बिटांची पट्टी किती लांब असावी? 'जीलिबसी'ने लांबी सांगणारा घटक २.३.३ मध्ये काढला आणि २.३.४ मध्ये परत आणला. विंडोजची पट्टी ६४ बिटांवर अडली. त्यापुढे जाण्यासाठी 'विंडोज ७' मध्ये प्रोसेसरांचे गट करावे लागले. रचना करताना धरलेला एक आकडा पुढे किती काळ छळतो, याचे हे उत्तम उदाहरण.

९/ दुसरी अडचण अधिकाराची होती. सामायिक यंत्रावर प्रत्येकाने आपल्याला हवे ते प्रोसेसर धरून ठेवले तर? त्यावर २००५ मध्ये, लिनक्स २.६.१२ मध्ये 'सीपीयूसेट' आले. व्यवस्थापक सीमा आखतो, प्रोग्रामर त्या सीमेत पसंती सांगतो आणि उरलेला निर्णय कार्यप्रणाली घेते.

१०/ १९९१ मध्ये प्रामुख्याने प्रोग्रामरच्या हाती असलेला निर्णय आज असा तिघांत विभागला आहे. प्रोग्रामरच्या डोक्यावरचे ओझे उतरले, पण यंत्रात नेमके काय घडते हे त्याच्या नजरेआडही गेले. तुमच्या संगणकावर लिनक्स असेल, तर 'टास्कसेट' ही आज्ञा चालवून पाहा. ऑकॅमच्या काळात जो निर्णय माणूस प्रोग्राममध्ये लिहून ठेवी, त्याचा एक अंश तिथे अजूनही आपल्या हाती आहे.