काचेच्या पेटींतून खाडीकडे

१८५३ हें साल ठाणेकरांस नव्यानें सांगावयास नको. त्या वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोंचली. त्याच वर्षीं मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, याचें स्मरण मात्र थोड्यांसच असेल. समुद्र काचेच्या पेटींत आणून नगरवासीयांस दाखविण्याची ही कल्पना पुढें जगभर पसरली. मुंबईस चर्नी रोडनजीक १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय झालें, आणि ठाण्या-कल्याणचीं मुलें सुटींत मासे पाहावयास तेथें जाऊं लागलीं. २०२० सालच्या साथींत त्याचीं दारें बंद झालीं. मग मुलांस मासे दाखवावयाचे कोठें?

उत्तर आपल्या उंबरठ्याशींच आहे. १८५४ सालीं लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास गेला. तेव्हांपासून आपण जिच्यावरून नित्य जातों, तिच्याकडे पाहावयाचें मात्र विसरलों. कल्याण हें प्राचीन बंदर. तेथील व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेलीं आहेत. पूर्वजांस जें पाणी वैभवाचा मार्ग होतें, तें आपणांस भराव घालण्याची व सांडपाणी सोडण्याची जागा झालें.

तरीहि तेथील जीवसृष्टि टिकून राहिली. २०१५ सालीं खाडीचा कांहीं भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला. २०२२ सालीं त्याचा समावेश रामसर यादींत झाला. ऐरोलीस या जीवांची ओळख करून देणारें किनारी व सागरी जैवविविधता केंद्रहि आहे. कल्याण-डोंबिवलीकरांनीं ठाण्यास गाडी बदलून ऐरोलीस उतरावें.

मात्र बेत करतांना रविवाराच्या आधीं भरतीची वेळ पाहावी. ती रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते, आणि नौका तिच्याच तंत्रानें चालते. ओहोटीस चिखल उघडा पडला कीं निवटे उड्या मारतात, खेकडे बिळांतून बाहेर येतात आणि तिवरांचीं श्वासमुळें दिसूं लागतात. रोहित पक्षी पाहावयाचे तर हिवाळा ते उन्हाळा हा काळ योग्य.

मत्स्यालयाचें पाणी नोकर बदलतो. खाडीचें पाणी समुद्र दिवसांतून दोनदां बदलतो, तेंहि विनामूल्य. त्याची वाट आपण भराव घालून अडविली नाहीं, तरच आपल्या नातवंडांस निवटा चित्रांत न पाहतां चिखलांत पाहावयास मिळेल.